विद्यार्थ्याला जागा पाहिजे

जून महिना उजाडला, की आमच्या ठाण्या-कल्याणकडे दोन पाहुणे बरोबरच येतात. एक पाऊस आणि दुसरा परगावचा विद्यार्थी. पाऊस येणार हे वेधशाळा सांगते. विद्यार्थी आला हे डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर कळते. पाठीवर फुगलेली सॅक, हातात एक पिशवी, पिशवीत आईने बांधून दिलेले कुळथाचे पीठ आणि पोह्यांचे पापड, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण उतरलो ते गाव हेच ना? तो कोणाला तरी थांबवतो आणि विचारतो, “काका, टिळकनगर कुठं आलं?” त्याला प्रवेश मिळालेला असतो. फी भरलेली असते. मिळालेली नसते ती फक्त जागा. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या जागेविषयी.

आमचे मुंबई विद्यापीठ हे समुद्रकाठचे विद्यापीठ. ते १८५७ साली स्थापन झाले. पण त्याआधीच आगगाडी आली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत आले. म्हणजे विद्यापीठ उभे राहण्याआधी त्याच्या विद्यार्थ्यांची वाट तयार होती, असे म्हणायला हरकत नाही. आज या विद्यापीठाची हद्द मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी करीत थेट सिंधुदुर्गापर्यंत जाते. राजापूर-कणकवलीचा मुलगा त्याच विद्यापीठाचा आणि दादरचा मुलगाही त्याच विद्यापीठाचा. पण दादरचा मुलगा तासाची घंटा होण्यापूर्वी दहा मिनिटे घरून निघू शकतो. राजापूरच्या मुलाला आधी घर शोधावे लागते.

मुंबईतले भाडे परवडत नाही, वसतिगृहात जागा थोड्या. मग हा विद्यार्थी रेल्वेच्या रुळावरून मागे मागे सरकत येतो. कुर्ला नाही तर मुलुंड, मुलुंड नाही तर ठाणे, ठाणे नाही तर कळवा, डोंबिवली, कल्याण, आणि तेही जमले नाही तर टिटवाळा, नाहीतर बदलापूर. ठाण्याला जोशी-बेडेकर, कल्याणला बिर्ला, डोंबिवलीला पेंढरकर अशी महाविद्यालये आमच्या भागातही आहेत, विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्याला आणि कल्याणला आहेत. तेव्हा काही मुले येथेच शिकतात, काही येथे राहून कालिन्याला किंवा फोर्टात जातात. दोघांचाही पहिला प्रश्न एकच.

मी ठाण्याच्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि डोंबिवलीत राहतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात राजापूर तालुक्यातला एक मुलगा होता. आमचे वर्ग सकाळी सातला सुरू होतात. हा मुलगा रोज सव्वासातला येई, शेवटच्या बाकावर बसे आणि आठाच्या सुमारास त्याची मान हळूहळू खाली जाई. मी शिस्तीचा माणूस. दोनदा हजेरी मांडली नाही. तिसऱ्यांदा त्याला उभे करून म्हणालो, “झोपायचंच असेल तर घरी झोपावं, येथे येण्याची तसदी कशाला?” वर्ग हसला. तो काहीच बोलला नाही. तास संपल्यावर बाहेर येऊन एवढेच म्हणाला, “सर, घरी झोपायला जागा नाही.”

चौकशी केली तेव्हा कळले, की तो टिटवाळ्याला चुलत मामाकडे राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर, माणसे सहा. मामा रात्रपाळीहून परतेपर्यंत दार उघडे ठेवायचे, म्हणून हा जागा. पहाटे चारला पाण्याचा नळ येतो, म्हणून हा पुन्हा जागा. पाचची गाडी पकडून तो ठाण्याला येई, आणि त्या गाडीला उशीर झाला की माझ्या वर्गात अपराधी ठरे. मामांना मी दोष देत नाही. सहा माणसांच्या घरात त्यांनी सातव्याला ठेवून घेतले होते. दोष माझा होता. मी मुलाची हजेरी पाहत होतो, पण तो कोठून येतो ते विचारले नव्हते.

त्याला म्हणालो, “चल, रविवारी आपण दोघं जागा बघू.” मला वाटले होते एका रविवारचे काम आहे. तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारी आम्ही ठाण्यात हिंडलो. एका सद्गृहस्थांची मागची खोली रिकामी होती. मी प्राध्यापक म्हटल्यावर चहा झाला, मुलगा नम्र आहे असे त्यांचे मत पडले, भाडेही ठरत आले. मग त्यांनी सहज विचारले, “आडनाव काय म्हणालास?” मुलाने सांगितले. गृहस्थ क्षणभर पंख्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “घरात विचारून कळवतो हं, सर.” अजून कळवलेले नाही. जिना उतरताना मला त्या मुलाकडे बघवेना. तोच म्हणाला, “चालायचंच, सर. सवय आहे.”

अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला ही सवय असावी, हे मला अजून खुपते.

दुसऱ्या रविवारी कळव्याला एक जागा पाहिली. कॉट बेसिस. दोन खोल्यांत आठ खाटा आणि एका खाटेचे भाडे दरमहा रोख. पावती नाही, करार नाही, खोली मुळात कोणाच्या मालकीची हेही कोणी सांगेना. ज्याने पैसे मागितले तो स्वतःच भाडेकरू होता. तिसऱ्या रविवारी डोंबिवलीत आमच्याच बाजूला एका इमारतीत गेलो. मालक तयार होते, पण खाली फलकावर ठराव लावलेला : अविवाहित पुरुष व विद्यार्थी यांना जागा देऊ नये. मालक हळूच म्हणाले, “माझी हरकत नाही हो, पण सोसायटीचा वाद कोण ओढवून घेणार?”

श्रोतेहो, घरमालकाची बाजू मला कळत नाही असे नाही. सगळे विद्यार्थी देवमाणसे नसतात. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंकडचे दोन तरुण तीन महिन्यांचे विजेचे बिल थकवून एका रात्री निघून गेले. रात्री एकपर्यंत गाणी, गॅलरीत ओले टॉवेल, एकाच्या नावावर घेतलेल्या खोलीत चौघे, हे सारे घडते. पण खरी भीती आणखी वेगळी असते. “आत शिरलेला भाडेकरू बाहेर निघत नाही” ही ती भीती. ती कोठून आली, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

ती उगाच आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले. त्यातून सुटण्यासाठी मालक जागा भाड्याने न देता परवान्याने, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सने, देऊ लागले. पुढे १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जे परवानाधारक जागेत होते, तेही भाडेकरू ठरले. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी जागा दिली होती त्यांची जागा जन्माची गेली. तेव्हापासून कित्येक घरांना कुलपे लागली, ती आजतागायत. आजोबांनी नातवाला सांगून ठेवले, “कुलूप लाव, पण माणूस ठेवू नको.”

परंतु हा कायदा आता राहिलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी परवान्याने घेतलेली जागा मुदत संपताच सोडावी लागते. सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि जितके दिवस तो माणूस अडून बसेल तितक्या दिवसांचे दुप्पट भाडे त्याला द्यावे लागते. पन्नास वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीची भीती आजच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या माथी मारणे हे काही न्यायाचे नव्हे.

याच कायद्याचे कलम ५५ प्रत्येक घरमालकाने आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वडिलांनी लक्षात ठेवावे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. “अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?” असे दलाल सांगतो. महाराष्ट्रात ते खरे नाही. अकरा महिन्यांचा असो की पाच महिन्यांचा, नोंदणी लागते. ती केली नाही, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे कागद टाळून मालक स्वतःलाच अडचणीत टाकतो. आता हे काम घरी बसून संगणकावर होते, दोन्ही पक्षांचे अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि सगळा खर्च एका महिन्याच्या दलालीपेक्षा कमीच येतो. बारावी होऊन आलेला मुलगा पुष्कळदा अठराच्या आतला असतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याची सही चालत नाही. तेव्हा करारावर वडिलांची किंवा आईची सही घ्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवावी, तीही आता संकेतस्थळावरून देता येते.

राहता राहिला सोसायटीचा फलक. गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींप्रमाणे सभासदाने आपली सदनिका परवान्याने देताना संस्थेची परवानगी मागायची नसते. आगाऊ कळवायचे असते आणि कराराची प्रत द्यायची असते. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. गोंगाटाविरुद्ध नियम जरूर करावेत, ते सर्वांनाच लागू असावेत. पण विद्यार्थी हा गोंगाटाचा दुसरा शब्द नव्हे. आणि ज्या इमारतीच्या गच्चीवर साठीचे शहाणे सभासद पहाटेपर्यंत कोजागरी करतात, तेथे हा फलक थोडा विनोदीच दिसतो.

कायद्याचे झाले. पण त्या पहिल्या रविवारच्या प्रश्नाला, आडनावाच्या प्रश्नाला, भाडे कायद्यात उत्तर नाही. ते शोधायला थोडे मागे जावे लागते.

राहायला जागा नसेल तर शाळा उघडून उपयोग नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ज्यांनी ओळखले त्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज होते. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची एक मालिकाच उभी राहिली. खेड्यातला मुलगा शहरात आला तर त्याला कोण ठेवून घेणार, हा त्यामागचा रोकडा प्रश्न होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे एक पाऊल टाकले. १९२४ साली साताऱ्याला त्यांनी जे बोर्डिंग सुरू केले त्यात सर्व जातींची मुले एकाच छपराखाली राहत आणि एकाच पंगतीला जेवत. शिक्षणसंस्था म्हणजे फळा आणि खडू एवढीच नव्हे, हे या दोघांनी दाखवले. निजायला अंथरूण आणि वाचायला दिवा हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आणि उलट बाजूही आठवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शिकत होते तेव्हा त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. पुढे कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राज्याच्या त्या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी पथिकाश्रमात राहावे लागले. खरे कळल्यावर काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना तेथून निघावे लागले. विद्वत्ता होती, हुद्दा होता, भाडे द्यायची तयारी होती. नव्हती ती दार उघडण्याची इच्छा. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. आता काठ्या कोणी घेत नाही. आता आपण पंख्याकडे पाहतो आणि “कळवतो” म्हणतो.

घरमालकाने प्रश्न विचारूच नयेत असे मी म्हणत नाही. कॉलेज कोणते, वर्ष कोणते, पालकांचा फोन, परत केव्हा येणार, आजारी पडलास तर कोणाला बोलवू, हे सारे विचारावे. या प्रत्येक प्रश्नाचा घराशी संबंध आहे. आडनावाचा नाही. करारावर ते येणारच आहे, पण दारात त्याचा निकाल लावू नये.

आता थोडे विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलतो.

जागा पाहताना तुम्ही प्रथम भाडे विचारता. ते स्वाभाविक आहे. पण भाड्याशेजारी वेळही मांडा. समजा, बदलापूरकडची खोली ठाण्याच्या खोलीपेक्षा दोन हजारांनी स्वस्त आहे आणि तिच्यापायी रोजचे दोन तास जास्त प्रवासात जातात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पन्नास तास झाले. म्हणजे तुम्ही आपला एक तास चाळीस रुपयांना विकलात. ज्याला तेच परवडते त्याने जरूर तसे करावे, पण निदान आपण काय विकले ते माहीत असावे. शिवाय हे तास बसून वाचण्याचे नसतात. सकाळी आठला डोंबिवलीहून गाडीत चढणे म्हणजे काय, हे येथल्या श्रोत्यांना सांगायला नको. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले, त्यांतल्या काहींचा जीव गेला. कोणताही तास त्या दारात लटकण्याइतका मोलाचा नाही. पहिला तास बुडाला तर बुडू द्या. आम्हा शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवायला हवे.

दुसरे, इमारत पाहा. पाऊस सुरू होण्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती वाचा. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीला एक जुनी इमारत कोसळून नऊ माणसे गेली. नवी इमारत म्हणजे सुरक्षित असेही नाही. २०२४ साली उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या बनावट कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. भाडे आजूबाजूच्यापेक्षा फारच कमी असेल, तर कशामुळे कमी ते विचारा. डोंबिवलीच्या निवासी विभागात खोली घेत असाल, तर कारखाने किती जवळ आहेत तेही पाहा. मे २०१६ आणि मे २०२४ मधले स्फोट येथल्या लोकांच्या खिडक्यांनी अनुभवले आहेत.

तिसरे, लहान गोष्टी आधीच बोलून घ्या. पाणी किती वाजता येते? विजेचे सब-मीटर आहे का, आणि युनिटमागे किती? अनामत रक्कम परत केव्हा आणि कशातून वजा होणार? रात्री दार किती वाजता बंद होते? हा शेवटचा प्रश्न मुलींच्या बाबतीत फार महत्त्वाचा. प्रात्यक्षिक सहाला संपते, गाडी रखडते आणि मालकीणबाई आठाला कडी लावतात. यात कोणाचीच चूक नसते, पण रोज रात्री कोणीतरी रडते. खानावळीत किंवा डब्याच्या ठिकाणी खाडे वजा होतात का तेही विचारा. परीक्षेच्या सुट्टीत गावी गेल्यावर न जेवलेल्या जेवणाचे पैसे भरणे जिवावर येते. रोख पैसे दिलेत तर पावती घ्या. खोलीत पहिल्या दिवशी भिंतीला असलेली भोके आणि फुटकी फरशी यांचे फोटो काढून मालकांना पाठवा. यात अविश्वास नाही, पुढचे भांडण टळते.

कराराच्या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. रेल्वेचा सवलतीचा पास राहत्या ठिकाणापासून कॉलेजपर्यंतचा मिळतो. तुमच्या आधारपत्रावर पत्ता राजापूरचा असतो. तुम्ही डोंबिवलीला राहता याचा पुरावा काय? नोंदवलेला करार हाच तो पुरावा. रोख पैशांवर, बिनपावतीने राहणारा विद्यार्थी ही सवलतही गमावतो.

आणि ज्यांना भाडे झेपतच नाही, त्यांच्यासाठी शासनाच्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. स्वाधार आणि स्वयम् सुरू झाल्या तेव्हा मुंबई-ठाण्यासारख्या शहरांसाठी भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला साठ हजार रुपये ठरले होते. नियम आणि मुदती दर वर्षी पाहाव्यात. अर्ज वेळेवर करावा, कारण पैसे मागाहून येतात आणि घरमालक आधी मागतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात लाजू नका, विचारा. सांगणे हे त्यांचे काम आहे.

आता त्या मुलाचे काय झाले, ते सांगून पुरे करतो.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मी थकून घरी आलो आणि बायकोपुढे घरमालकांची गाऱ्हाणी मांडू लागलो. लोक कसे संकुचित आहेत, कसे घाबरट आहेत, वगैरे. ती कणीक मळत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आणि आपली मागची खोली?”

आमच्या घरात एक खोली आहे. वडील गेल्यापासून ती बंदच होती. आत त्यांची खाट, जुनी मासिके, माझ्या एम.ए.च्या वह्या आणि एक मोडका पंखा. तीन रविवार मी लोकांच्या दारांत उभा राहून “तुमची खोली रिकामी आहे ना?” असे विचारत होतो आणि माझ्याच खोलीची किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, “अगं, पण सामान...” ती म्हणाली, “सामानाला परीक्षा नसते.”

मग आमचे बोलणे झाले. माझ्या वर्गातला मुलगा माझ्याच घरी राहणे मला प्रशस्त वाटेना. उद्या त्याला चांगले गुण पडले तर ते त्याचे म्हणून कोणी मानणार नाही. कल्याणला शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडेही एक खोली होती आणि त्यांच्या वर्गातलाही एक मुलगा जागेसाठी वणवण हिंडत होता. आम्ही अदलाबदल केली. त्यांचा विद्यार्थी माझ्याकडे आला, माझा त्यांच्याकडे गेला. दोन्ही करार रीतसर नोंदवले. माझ्या सोसायटीत थोडी कुजबुज झाली, मी कराराची प्रत चिटणीसांच्या हाती दिली, आणि आठवड्याभरात कुजबुज थांबली. महिन्याभराने तेच चिटणीस त्या मुलाला घरी बोलावून फोनवरून विजेचे बिल कसे भरायचे ते शिकून घेत होते.

सर्व गोडच झाले असे नाही. आमच्याकडच्या मुलाने पहिल्याच पावसात नळ उघडा ठेवून खोलीत पाणी केले, वडिलांची मासिके भिजली. मी रागावलो. दोन दिवस आम्ही एकमेकांशी मोजकेच बोललो. मग तो आणि मी गच्चीवर ती मासिके पान पान वेगळे करून वाळत घालत बसलो. काही वाचली, काही गेली.

माझा राजापूरचा विद्यार्थी आता सातला पाच मिनिटे कमी असताना वर्गात येऊ लागला. शेवटचा बाक त्याने सोडला नाही, पण मान वर असे. एकदा मी हजेरी घेत असताना त्याचा आकडा आला आणि तो जरा मोठ्यानेच “हजर, सर” म्हणाला. सगळा वर्ग हसला आणि मीही हसलो.

श्रोतेहो, ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात अशा बंद खोल्या किती असतील ते आपण आपल्याच जिन्यावरून मोजू शकाल. मुले परदेशी गेलेली, म्हातारा-म्हातारी दोघेच, आणि एक खोली सामानासाठी. यंदा जूनमध्ये कोणी दार वाजवले तर त्याला आत बोलवा, पाणी द्या आणि कॉलेज कोणते ते विचारा. एवढीच माझी विनंती.